ही जन्मतारीख नाही, बारशाची तारीख आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही ‘संगणकाच्या इतिहासातले अलीकडचे टप्पे’ असं पानभर छापलंत, मधोमध एक वळणदार रस्ता, कडेला मैलाचे दगड आणि प्रत्येक दगडावर एक तारीख. दिसायला छान झालंय, वादच नाही. पण दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यातले बहुतेक दगड म्हणजे कुठल्यातरी कंपनीने काहीतरी बाजारात आणल्याची तारीख आहे. अमुक फोन आला, तमुक चिप आली, चॅटजीपीटी आलं. याला इतिहास म्हणायचं की कॅटलॉग?

मी ३१ वर्षं प्रोग्रामर होतो आणि त्यातली जवळजवळ सगळी मेंटेनन्समध्ये गेली, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड चालू ठेवायचा, तो दुसरा एव्हाना नोकरी सोडून गेलेला असतो आणि कॉमेंटमध्ये नुसतं ‘हे का चालतं माहीत नाही, हात लावू नका’ एवढंच लिहिलेलं असतं. आमच्या कामाला उद्घाटन नसतं. तेव्हा हे पत्र थोडं तिरकस वाटलं तर समजून घ्या, दुखणं जुनं आहे.

आधी तुमचा सगळ्यात ठळक दगड घेऊ. ३० नोव्हेंबर २०२२, चॅटजीपीटी आलं तो दिवस, आणि खाली ओळ: ‘या दिवशी एआयचा जन्म झाला’. अहो जन्म कसला, फार तर बारसं म्हणा. ज्या रचनेवर ते चालतं ती २०१७ साली गूगलमधल्या आणि तिथे काम केलेल्या आठ जणांनी एका पेपरात मांडली, ट्रान्सफॉर्मर म्हणतात तिला, आणि त्यांच्यासमोरचा प्रश्न गप्पा मारणारं मशिन बनवायचा नव्हताच, इंग्रजीतून जर्मन आणि फ्रेंचमध्ये भाषांतर जरा बरं कसं होईल एवढाच होता. आधीची मशिनं वाक्य एकेक शब्द करत वाचायची आणि लांब वाक्याच्या शेवटापर्यंत जाईतो सुरुवात पुसट झालेली असायची (माझंही हल्ली तसंच होतं, ते सोडा). या लोकांनी काय केलं तर सगळे शब्द एकदम समोर ठेवायचे आणि कुठल्या शब्दाचा कुठल्याशी किती संबंध आहे याचं वजन काढायचं. आता हे आकडेमोडीचं काम ढीगभर प्रोसेसरांना एकाच वेळी वाटून देता येतं, आणि खरी मेख तिथे आहे, कारण त्यामुळेच मॉडेल मोठं, मोठं, अजून मोठं करत जाता आलं. त्यानंतर मधे पाच वर्षं गेली. त्यात माणसं बसवून ‘हे उत्तर बरं, ते वाईट’ असे शेरे मारून घेतले, त्या शेऱ्यांवरून मशिनला वळण लावलं आणि मग बारसं. नाव कानात सांगणारी आत्या तेवढी तुमच्या फोटोत आलीये, बाळंतीण कुठे दिसत नाही.

त्याच्याही मागे जाऊ. २०१२ तुमच्या रस्त्यावर नाहीच! माझ्या मते त्या दशकातली सगळ्यात मोठी गोष्ट तिथे घडली. फोटोत काय आहे ते ओळखायची दरवर्षी एक स्पर्धा व्हायची, इमेजनेट नावाच्या संग्रहातल्या फोटोंवर, आणि त्या वर्षी टोरांटो विद्यापीठातल्या अॅलेक्स क्रिझेव्स्की, इल्या सुत्स्केवर आणि त्यांचे गुरू जेफ्री हिंटन यांचा प्रोग्राम १५.३ टक्के चुका करून पहिला आला, दुसऱ्या नंबरवाल्याच्या चुका होत्या २६.२ टक्के. असल्या स्पर्धेत लोक एकेका टक्क्यासाठी भांडतात, इथे जवळपास ११ टक्क्यांचं अंतर! आणि मशिन कुठलं, तर व्हिडिओ गेम खेळायला मिळतात त्यातली दोन ग्राफिक्स कार्डं, त्यावर पाच-सहा दिवस ते शिकत बसलं होतं. तो प्रोग्राम म्हणजे न्यूरल नेटवर्क, मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेली रचना, आणि तिची कल्पना तर १९५८ सालच्या परसेप्ट्रॉन नावाच्या प्रयोगापासूनची, तिला शिकवायची पद्धत १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी नीट मांडली, मग मधली कितीतरी वर्षं ‘हे काय चालत नाही बुवा’ म्हणून बाजूला पडलेली. हिंटनना २०२४ साली जॉन हॉपफिल्डबरोबर फिजिक्सचं नोबेल मिळालं, ते तुम्ही छापलंय. चांगलं केलंत.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. तो प्रोग्राम शिकला कशावर? फेई-फेई ली नावाच्या बाईंनी २००७च्या सुमाराला हेच इमेजनेटचे फोटो गोळा करायला घेतले. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष हुशार अल्गोरिदमवर, आणि या म्हणतायत की आधी जग केवढं आहे ते तर मशिनला दाखवा. २००९ साली त्यांचं काम परिषदेत आलं तेव्हा व्यासपीठ मिळालं नाही, पोस्टर लावायला भिंत मिळाली. पुढे ते फोटो वाढत सव्वा कोटीच्या वर गेले आणि प्रत्येक फोटोला ‘हा कुत्रा, ही मांजर, हे अमुक जातीचं पाखरू’ अशी चिठ्ठी माणसांनी लावली, इंटरनेटवर तुकड्यांनी काम करणारी माणसं, १६७ देशांतली, जवळजवळ ४९ हजार. त्यातल्या एकाचंही नाव कुणाला माहीत नाही. मी म्हणत नाही की ४९ हजार नावं पानावर छापा, पण ‘मशिन स्वतःहून शिकलं’ असं जे वाक्य तुमच्याकडे आहे ना ते तेवढं मागे घ्या. स्वतःहून कसलं. बसवून, चिठ्ठ्या दाखवून, घोकून घेतलंय त्याच्याकडून.

प्रथिनांचंही हेच. अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामने ‘पन्नास वर्षांचं कोडं एका झटक्यात सोडवलं’ असं तुम्ही लिहिलंत. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, ती घडी घालून एक ठराविक आकार घेते आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. नुसती माळ बघून आकार सांगायचा हे ते कोडं. २०२० साली अल्फाफोल्डच्या दुसऱ्या आवृत्तीने ते इतकं छान सांगितलं की परीक्षकसुद्धा चाट पडले, २०२२च्या जुलैत २० कोटींहून जास्त प्रोटीनांचे अंदाज सगळ्यांसाठी खुले झाले, आणि २०२४चं केमिस्ट्रीचं नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जंपर आणि डेव्हिड बेकर यांना मिळालं. हे सगळं खरं, आणि मी त्यांचं काडीइतकंही श्रेय कमी करत नाहीये. पण झटक्यात? १९७१ साली प्रोटीन डेटा बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात सात आकार होते. सात! त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांतले लोक स्फटिक बनवतायत, त्यावर एक्स-रे सोडतायत, एकेका आकारापायी महिने, कधी वर्षं घालवतायत, आणि मिळालेलं उत्तर कपाटात न ठेवता त्या बँकेत टाकतायत, फुकट, कुणीही वापरा. २०२०पर्यंत तिथे दीड लाखाच्या वर आकार जमले, त्यावर अल्फाफोल्ड शिकलं. परीक्षेची सोयसुद्धा आधीच करून ठेवलेली, १९९४पासून दर दोन वर्षांनी एक स्पर्धा होते, ज्यात आकार प्रयोगाने सापडलेला असतो पण जाहीर केलेला नसतो आणि प्रोग्रामवाल्यांनी तो न बघता सांगायचा. प्रश्नपत्रिका काढणारे, पेपर तपासणारे, पुस्तक लिहिणारे सगळे आधी राबले तेव्हा कुठे हा विद्यार्थी बोर्डात पहिला आला.

चिपबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे तुमचा तक्ता बरा आहे. १९७१ सालच्या इंटेल ४००४मध्ये २,३०० ट्रान्झिस्टर (म्हणजे चिपवरचे विजेचे चिमुकले खटके) आणि २०२०च्या अॅपल एम१मध्ये १,६०० कोटी, हे तुम्ही दिलंय. पण एवढे बारीक ट्रान्झिस्टर छापायचे कसे ते दिलं असतं तर लोकांनी पान कापून ठेवलं असतं! वितळलेल्या कथलाचे थेंब, केसाहून बारीक, सेकंदाला ५० हजार, निर्वात डब्यात सोडायचे आणि प्रत्येक थेंबाला उडता उडता लेसरने दोनदा टिपायचं, पहिल्या फटक्यात तो चपटा होतो, दुसऱ्यात त्याची वाफ होऊन १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो, आणि त्या प्रकाशाने चिपवर नक्षी छापायची. हा प्रकाश हवाही पिते आणि काचही पिते, म्हणून भिंगं चालतच नाहीत, सगळं आरशांवर. यावर १९८०च्या दशकापासून लोक डोकं फोडत होते, मधे कितीदा ‘आता दोन वर्षांत होईल’ म्हणून झालं, आणि कारखान्यात खऱ्या अर्थाने ते रुळलं २०१९च्या आसपास. याचा दगड कुठल्या तारखेवर रोवणार?

क्वांटम संगणकाच्या दगडाबद्दल तर तक्रारच आहे. २०१९ साली गूगलच्या ५३ क्यूबिटच्या (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा सगळ्यात छोटा घटक) सायकामोर चिपने २०० सेकंदांत जे गणित केलं त्याला महासंगणकाला १० हजार वर्षं लागतील, हे तुम्ही जसंच्या तसं छापलंत. तेव्हाच आयबीएमने म्हटलं होतं की नीट लिहिलं तर अडीच दिवस पुरतील, आणि पुढे काही वर्षांत संशोधकांनी साध्या ग्राफिक्स कार्डांच्या ताफ्यावर ते काही तासांत करून दाखवलं. म्हणजे दगड रोवला आणि रस्ताच सरकला. मला विचाराल तर २०२४च्या डिसेंबरमधली गूगलचीच विलो चिप जास्त महत्त्वाची. तिचा गाजलेला आकडा सोडा, आपल्याला दुसरीच गोष्ट बघायचीय. क्यूबिट फार चुकतात, म्हणून बऱ्याच क्यूबिटांचा मिळून एक भरवशाचा क्यूबिट बनवायचा ही कल्पना पीटर शोर यांची, १९९५ची. पण क्यूबिट वाढवले की चुकायला तोंडंही वाढतात. विलोवर पहिल्यांदा नीट दिसलं की क्यूबिटांची जाळी ३ बाय ३, मग ५ बाय ५, मग ७ बाय ७ अशी मोठी करत गेलं तर चूक दरवेळी साधारण निम्मी होते. जवळजवळ तीस वर्षं कागदावर पडून असलेलं आश्वासन पाळलं गेलं, पण त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही.

आणि याच्याच शेजारचा एक किस्सा, मला तो फार आवडतो. क्वांटम संगणक उद्या खरंच मोठा झाला तर आजची कुलपं, म्हणजे माहिती गुप्त ठेवायच्या गणिती पद्धती, उघडतील म्हणून अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१६पासून नव्या कुलपांची स्पर्धा ठेवली होती, जगभरच्या गणितवाल्यांनी एकमेकांची कुलपं फोडायची आणि उरतील ती घ्यायची. २०२२च्या जुलैत साइक नावाचं एक कुलूप चौथ्या फेरीपर्यंत टिकून होतं, सगळ्यांना आवडायचं, छोटं आणि देखणं. काही आठवड्यांत दोघा संशोधकांनी साध्या प्रोसेसरच्या एका कोअरवर ते साधारण तासाभरात उघडलं, आणि किल्ली कुठली, तर १९९७ सालच्या शुद्ध गणितातल्या एका प्रमेयातून आलेली, जे मांडणाऱ्याच्या मनात कुलूपबिलूप काही नव्हतं. क्वांटम संगणकाची गरजच लागली नाही. शेवटी ऑगस्ट २०२४मध्ये टिकलेली पहिली तीन कुलपं प्रमाण म्हणून जाहीर झाली. आता तुमच्या तक्त्यात साइक बसत नाही कारण ते हरलं. पण ते वेळेवर हरलं हेच तर यश ना? आठ वर्षं एवढी माणसं तेवढ्यासाठीच बसली होती.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या दोन गोष्टी. तुमच्या पानावर दोन्ही नाहीत.

पहिली, २९ मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक प्रोग्रामर डेटाबेसच्या चाचण्या घेत होता, त्याला दिसलं की दुसऱ्या मशिनमध्ये लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तुम्ही-आम्ही चहाचा घोट घेतला असता. हा मागे लागला, आणि निघालं काय, तर एक्सझेड नावाच्या फाइल दाबून लहान करणाऱ्या छोट्याशा मोफत सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवून ठेवलाय. हे सॉफ्टवेअर लिनक्स या मोफत प्रणालीवर चालणाऱ्या असंख्य मशिनांत असतं आणि ते सांभाळायला वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस, तोही बिनपगारी, थकलेला. एका टोपणनावाच्या इसमाने दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत करून त्याचा विश्वास मिळवला, काही अनोळखी खाती त्याला ‘काम सोपवा की, किती उशीर’ म्हणून टोचत राहिली, आणि हळूहळू किल्ल्या त्या इसमाच्या हातात गेल्या. चोरदरवाजा मोठ्या लिनक्सांच्या पक्क्या आवृत्त्यांत पोचायच्या आधी सापडला. तो इसम कोण हे आजही उघड झालेलं नाही. हा मैलाचा दगड नाही तर काय? यात कुणी काही बाजारात आणलं नाही, जे आत येत होतं ते दारातच अडवलं. अर्ध्या सेकंदाने ज्याचं डोकं उठतं असा एक माणूस कधीकधी अख्ख्या सिक्युरिटी डिपार्टमेंटला भारी पडतो, हे मी अनुभवाने सांगतो... असा एक सहकारी मलाही होता आणि आम्ही सगळे त्याच्यावर वैतागायचो.

दुसरी, व्हॉयेजर १. नासाने १९७७ साली सोडलेलं यान, त्याच्या संगणकांची सगळी मेमरी मिळून जेमतेम ७० केबी, आजच्या फोनमधला एक फोटोही मावणार नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये ते बरळायला लागलं, सिग्नल येतोय पण अर्थ नाही. २,४०० कोटी किलोमीटरवर, संदेश जायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढेच, म्हणजे ‘काय होतंय?’ विचारायचं आणि दोन दिवस वाट बघायची. मार्चमध्ये नासाच्या लोकांनी त्याला एक ढोसणी दिली, परत आलेल्या गोंधळात मेमरीची अख्खी नक्कल सापडली, ती जुनीशी ताडून बघितली तर एक चिप गेलेली, मेमरीचा साधारण तीन टक्के भाग खराब. तिथला कोड दुसरीकडे हलवायचा तर एवढी सलग जागाच कुठे नाही, मग त्याचे तुकडे केले, जिथे फट मिळेल तिथे खुपसले, आणि जिथे जिथे जुना पत्ता होता तिथे तिथे नवा लिहिला. चुकलं तर जाऊन रिस्टार्ट करता येत नाही. १८ एप्रिल २०२४ला पाठवलं आणि २० तारखेला यान पाच महिन्यांनी पुन्हा शुद्धीत बोललं. ज्यांनी तो कोड मुळात लिहिला त्यातले कित्येक जण आज हयात नाहीत, जुने पिवळे कागद चाळून हे केलंय. मेंटेनन्स म्हणतात याला! मला वाचताना अक्षरशः भरून आलं.

यावर तुम्ही म्हणाल, वाचकाला तारीख लागते, चेहरा लागतो. मान्य. पण चेहरेही तुम्ही तेच तेच घेता. ऑक्टोबर २०११मध्ये स्टीव्ह जॉब्स गेले तेव्हा सगळीकडे पहिलं पान होतं, आणि त्यानंतर आठवडाभरात डेनिस रिची गेल्याचं कळलं, ज्यांनी सी ही प्रोग्रामिंगची भाषा बनवली आणि केन थॉम्पसनबरोबर युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली उभी केली, जिच्या वंशावळीवर जॉब्सचे फोनही चालतात, त्यांना कुठे कोपऱ्यात चार ओळी. एनिअॅक या अगदी सुरुवातीच्या संगणकाच्या १९४६च्या प्रदर्शनाचं तर विचारूच नका, तिथे दाखवलेलं गणित मशिनवर बसवणाऱ्या सहा बायका होत्या आणि त्या संध्याकाळच्या जेवणाला त्यांना बोलावणंसुद्धा नव्हतं. आता ऐंशीएक वर्षं झाली, सवय बदलायला हरकत नाही.

शेवटी एक सुचवतो. पुढच्या वेळी रस्त्यावर एक पुढचा दगडही दाखवा, १९ जानेवारी २०३८, ग्रीनिचच्या घड्याळात पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद. खूप जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद मोजतात आणि तो आकडा ३२ बिटांत ठेवतात, त्यात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. त्या क्षणाला मोजणी उलटते आणि मशिनला वाटतं डिसेंबर १९०१ लागला. मोठे संगणक आता बहुतेक ६४ बिटांवर गेलेत, लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे गाभ्याने, ३२ बिटवाल्यांचीही सोय २०२० साली केली, पण भिंतीतले, यंत्रांतले, कुणाच्या लक्षातही नसलेले छोटे छोटे डबे शोधून काढणं बाकी आहे आणि ते कंटाळवाणं काम आत्ता कुणीतरी करतंय. ३१ डिसेंबर १९९९ची रात्र आम्ही ऑफिसात बसून काढली, दोन वर्षं आधीपासून दोन आकडी सालं शोधून चार आकडी करत होतो (नाहीतर मशिनला २००० म्हणजे १९०० वाटलं असतं), बारा वाजले, काहीच झालं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक आजतागायत सांगतात की वायटूके, म्हणजे हे २००० सालचं संकट, नुसता बाऊ होता. २०३८लाही काही झालं नाही तर तुमच्याकडे बातमी नसेल. त्या दिवशी अर्धा कॉलम मोकळा ठेवा, मी असलो तर भरून देईन.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स प्रोग्रामर

ता.क. : एक साधी दुरुस्ती राहिली. मार्च २०१६मध्ये सोलला झालेल्या गो या पटावरच्या खेळाच्या सामन्यात अल्फागो या प्रोग्रामने नामांकित खेळाडू ली सेडोलला ५-० हरवलं असं चौकटीत छापलंय. ते ४-१ होतं. चौथा डाव ली सेडोल जिंकला, ७८व्या चालीवर, आणि माणूस तिथे सोंगटी ठेवेल याची शक्यता मशिनने दहा हजारात एक धरली होती म्हणतात. त्यानंतर ते बावचळल्यासारखं खेळत गेलं आणि शेवटी हार मानली. बाकीचं पटो न पटो, एवढा एक गुण त्याला परत द्या.